बारा चोवीस ते बारा अठ्ठावन्न

जऊळका, शुक्रवार, २५ नोव्हेंबर १९५५

पोचलो. तीन पेट्यांपैकी दोन सुखरूप आहेत. तिसरीच्या तळाशी काहीतरी खुळखुळते आहे. ती उघडण्याची आज हिंमत नाही.

स्टेशनमास्तरांनी विचारले, सिनेमाचे मशीन का? म्हटले, नाही, आकाशात साठ-सत्तर मैल वर हवा किती तापलेली आहे ते काढायचे आहे. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि पावतीवर ‘सिनेमा सामान’ असेच लिहिले.

ही जागा प्रोफेसरांनी नकाशावर पेन्सिल टेकवून ठरवली. नागपुरात विजेच्या तारा आणि रेडिओ यांच्या गोंगाटात आमच्या यंत्राला काही ऐकू येत नाही, म्हणून जिथे वीज नाही तिथे जा, आणि पेट्या उतरवायला रेल्वे असू दे. पेन्सिलीला काय, टेकवली की झाले. तांड्यावरच्या हरिसिंगच्या बैलगाडीत पेट्यांवर बसून मैलभर मी आलो. पुंजाजी नावाच्या माळ्याच्या मळ्यात एक पडवी मिळाली आहे. पलीकडे विहीर, कोबी, वांगी, मेथी. घरात पुंजाजी, त्यांची बायको गिरजाबाई, मुलगा चंपत आणि सून आवडा. सुनेला सातवा महिना आहे, हे मला आल्या आल्या सांगण्यात आले. का ते कळले नाही.

माझी डेमॉन्स्ट्रेटरची नेमणूक मार्चअखेरपर्यंतची. चौदा डिसेंबरच्या सूर्यग्रहणात मापे नीट घेतली आणि तापमान हाती आले तर कायम करू, असे प्रोफेसर म्हणाले. न आले तर काय, हे ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारले नाही. आईला मात्र कायम झालो म्हणून सांगून बसलो आहे.

रविवार, २७ नोव्हेंबर

पेटी उघडली. आमच्या पेट्रोल-जनित्राचे ओतीव अंग आडवे तडकले आहे. डायनामो शाबूत, पण फिरवणार कोण? मी?

अर्धा दिवस डोके धरून बसलो. मग विहिरीवरून ठक-ठक-ठक आवाज आला. पुंजाजींकडे तेलावर चालणारे इंजिन आहे! त्याच्या चाकावरून चामड्याचा पट्टा पंपावर जातो. तोच पट्टा डायनामोवर चढवला की माझी वीज तयार. मी धावतच गेलो. पुंजाजी म्हणाले, "देतो ना. पन भाजीले पानी झाल्यावर." भाजीला पाणी कधी होते? "होते होते."

बुधवार, ३० नोव्हेंबर

भाजीला पाणी कधीच होत नाही. रोज दुपारी तासभर इंजिन मिळते, तेही उपकार केल्यासारखे.

आज जेवताना पुंजाजींनी विचारले, वर न जाता वरची गरमी कशी कळते? प्रोफेसरांना दाखवावे असे उत्तर मी दिले. म्हटले, सूर्याचे ऊन वरच्या हवेतल्या कणांची मोडतोड करते. एकाचे दोन होतात, जत्रेत नवरा-बायकोचा हात सुटावा तसे. मग ते एकमेकांना शोधत फिरतात आणि भेटतात. ऊन नवीन जोड्या फोडत राहते, जुने भेटत राहतात, असे चाललेले असते. ग्रहणात ऊन कमी पडले की फुटणे कमी होते आणि नुसते भेटणे उरते. किती भराभर भेटतात ते मी खालून रेडिओची लहर सोडून मोजणार. हवा जितकी तापलेली, तितके हे कण सैरावैरा पळतात आणि भेटायला उशीर लागतो. उशीर मोजला की गरमी कळली.

"अना भेटल्यावर?" गिरजाबाईंनी विचारले.

मी खरे तेच सांगितले, की आमच्या रसायनशास्त्राप्रमाणे भेट झाली की तो जोडकण तिथेच दुभंगतो आणि दोन तुकडे दोन दिशांना जातात.

"भेटले का मोडले? मंग भेटाचं काहून?"

चंपत हसला. आतून सूनही हसल्याचे ऐकू आले. मी भाकरी संपवून उठलो. शिकवण्याचा धंदा करणाऱ्याने जेवताना गप्प बसावे.

रविवार, ४ डिसेंबर

हरिसिंगने चार उंच बांबू उभे करून दिले, त्यांवर तार ताणली. संध्याकाळी तारेवर एक लुगडे वाळत होते.

गुरुवार, ८ डिसेंबर

करार झाला! ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत हे लोक झाडाला हात लावत नाहीत, पाणी देत नाहीत, चूल पेटवत नाहीत. म्हणजे इंजिन अख्खे मोकळे. ज्या समजुतींवर मी कॉलेजात टीकेचे लेख लिहिले, त्याच माझ्या कामी याव्यात हे मला आवडले नाही, पण इंजिन आवडले. पुंजाजींनी गावातल्या जोशांना विचारून घेतले. लोखंडाला ग्रहण लागत नाही असा निकाल मिळाला. चंपत इंजिनाशी बसेल आणि नंतर आंघोळ करील.

"पन मास्तर, गिऱ्हान सुटलं का पट्टा पंपावर. मंग एक मिन्ट थांबाचं नाई. घरातलं पानी पुरत नाई, साऱ्याईले आंघोळ पाह्यजे, अना वाफे तीन पाह्यरचे कोरडे."

मी म्हटले कबूल. ग्रहण पावणेअकराला लागते, साडेबाराच्या पुढे सर्वांत जास्त, अडीचच्या आत सुटते. या वेळा मी ठळक अक्षरांत कागदावर लिहून दिल्या. गिरजाबाईंनी कागदाला कुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला. झाले! आता तो वाचणार कोण?

सुटले ते तुम्हाला कसे कळते, असे विचारले, तर परातीत पाणी घेऊन त्यात मुसळ उभे करतात म्हणे. ग्रहण असेतो ते आपोआप उभे राहते, सुटले की पडते. मी म्हटले, मुसळाच्या बुडाला सपाट लोखंडी कडे आहे, ते कधीही उभे राहील. लगेच परात मागवली, मुसळ उभे केले. उभे राहिले. पाच मिनिटे, दहा मिनिटे. विजयाने सगळ्यांकडे पाहिले.

गिरजाबाई म्हणाल्या, "पाहा बाई, सहा दिस आंधीच त्याले कळून राह्यलं."

यापुढे मी या घरात एकही प्रयोग करून दाखवणार नाही.

रविवार, ११ डिसेंबर

तीन तास इंजिन मिळाले. मापे सुरेख. आकाशात लहर सोडावी, चकती फिरवत कंपने वाढवत न्यावीत, आणि ज्या आकड्याला वरून येणारा प्रतिध्वनी नाहीसा होतो तो वहीत टिपावा. दर दोन मिनिटांनी एक ठिपका. सकाळी चढतो, दुपारी उतरतो, अगदी पुस्तकात असतो तसा वक्र. मन प्रसन्न झाले.

ग्रहणाच्या दिवशी हाच वक्र खाली खचेल आणि पुन्हा वर येईल. सूर्य सर्वांत जास्त झाकलेला असतो त्या क्षणानंतर किती मिनिटांनी वक्राचा तळ येतो, ती मिनिटे म्हणजे सारा खेळ. सहा मिनिटे आली तर वरची हवा केल्विनच्या मापाने तीनशे अंश. नऊ आली तर साडेचारशे. प्रोफेसरांनी दोन वर्षांपूर्वी साडेचारशे छापून ठेवले आहे.

इंजिन बंद झाल्यावर गिरजाबाई आवडाचा निरोप घेऊन आल्या. "भिंत हादरते म्हन्ते. मांडनीवरचे भांडे नाचून राह्यले." मी म्हटले, एक दिवस नाचू द्या.

मंगळवार, १३ डिसेंबर

सर्व तयार. आकाश स्वच्छ. मी मात्र उगाच सर्वांवर खेकसतो आहे.

बुधवार, १४ डिसेंबर, सकाळी आठ

गिरजाबाईंनी पाण्याच्या घागरींवर, लोणच्याच्या बरणीवर आणि माझ्या यंत्रावर तुळशीपत्र ठेवले आहे. काढले नाही. उपद्रव नाही त्याचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लिहवत नाही, पण लिहितो, कारण उद्या मी हे सगळे निराळेच सांगू लागेन.

सकाळी सर्व घड्याळासारखे चालले होते. आवडा आतल्या खोलीत घोंगडीवर सरळ बसलेली. तिने अंग दुमडायचे नाही, काही चिरायचे नाही, बाहेर यायचे नाही. चिरले तर पोराचा ओठ चिरलेला निघतो, अशी इथल्या बायकांची खात्री आहे. तिच्यासमोर परातीत मुसळ. भिंतीपलीकडे इंजिन, इंजिनाशी चंपत. पडवीत मी, कानाला यंत्र लावून. अकरापासून वक्र खाली येऊ लागला. ठिपक्यामागून ठिपका! मी एकटाच मोठ्याने "वा!" म्हणालो. बारा वाजले, सव्वाबारा वाजले. ऊन पिवळट झाले, कोंबड्या गप्प झाल्या. बारा वाजून चोवीस मिनिटांचे माप घेतले आणि चकती परत मागे आणत होतो, तोच आत काहीतरी दणकन पडले आणि गिरजाबाई ओरडल्या, "पडलं! पडलं! चंपत, सुटलं रे!"

एवढ्यात माझ्या यंत्राचे दिवे विझले.

यंत्रच बिघडले समजून दहा मिनिटे तारा चाचपल्या, मग बाहेर धावलो. चंपतने पट्टा डायनामोवरून काढून पंपावर चढवलाही होता. विहिरीचे पाणी पाटात खळाळत होते. पुंजाजी डोक्यावरून बादली ओतून घेत होते. मी काय काय ओरडलो ते सगळे आठवत नाही. "ग्रहण अजून लागलेलंच आहे! अर्ध्याहून जास्त सूर्य झाकला आहे! वर बघा, वर!" असे काहीतरी. कोणी वर पाहिले नाही. सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले.

दारात आवडा उभी होती. न्हालेली, ओल्या केसांची, हातात वांगे. मागे जमिनीवर विळी आणि चिरलेल्या वांग्यांची ताटली.

मुसळ इंजिनाने पाडले हे उघड आहे. आजवरच्या कुठल्याही ग्रहणात त्या भिंतीपलीकडे इंजिन चालू नव्हते, म्हणून ते कधी वेळेआधी पडले नाही. पण त्या क्षणी मला एवढेच दिसत होते की तळ येतो आहे आणि माझे यंत्र आंधळे आहे. मी चंपतला म्हटले, पट्टा चढव. चंपत बायकोकडे पाहत उभा राहिला. मी इंजिन थांबवले, पट्टा ओढून काढला आणि स्वतःच चढवला. पीळ देऊन. डायनामो उलटा फिरू लागला. हे लक्षात यायला दहा मिनिटे गेली. पुन्हा इंजिन थांबवा, पट्टा काढा, सरळ चढवा, पुन्हा चाक फिरवून चालू करा. पुढचे माप बारा अठ्ठावन्नला मिळाले. वक्र तोवर वर निघालेला होता.

मधली सोळा मापे नाहीत. उतरण आहे, चढण आहे, तळ नाही.

अडीचला ग्रहण खरोखर सुटले. घरात सगळ्यांनी पुन्हा आंघोळ केली. 

गुरुवार, १५ डिसेंबर

प्रोफेसरांना सविस्तर लिहिले. इंजिनाचा पट्टा "स्थानिक गैरसमजुतीमुळे" निघाला असे लिहिले. मी पीळ दिल्याचे लिहिले नाही, पत्र लांबले असते.

आवडा काल दुपारपासून जेवलेली नाही. चिरलेली वांगी गिरजाबाईंनी नदीत नेऊन टाकली.

शुक्रवार, १६ डिसेंबर

या घरात आता कोणी मोठ्याने बोलत नाही. चंपत इंजिनाजवळही जात नाही, पाणी पुंजाजी देतात. मला चहा येतो, भाकरी येते, पण ताट ठेवणारा हात थांबत नाही. माझी काय चूक आहे? वेळा मी लिहून दिल्या होत्या! नुकसान माझे झाले आहे आणि तोंड लपवत मीच फिरतो आहे.

दुपारी लिंबू, खोबऱ्याची वाटी आणि कंदील घेऊन ओट्यावर बसलो आणि सावली कशी पडते, ग्रहण म्हणजे नुसती सावली, तिने कुणाच्या पोराचे काही होत नाही, हे सर्वांना समजावले. आवडा आत होती, तिला ऐकू जाईल इतके मोठ्याने समजावले. पुंजाजी शेवटी म्हणाले, "सावलीच हाय ना मास्तर, आमी कोठी नाई म्हन्तो. थे कोनावर पडते हेच तं बोलून राह्यलो."

त्यांच्या घरून आणलेले लिंबू त्यांनी परत घेतले नाही.

शनिवार, १७ डिसेंबर

सकाळी गिरजाबाई पडवीत आल्या. दारात उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी.

"मास्तर, एक काम हाय. लहान हाय. आवडाले सांगून द्या का मुसळ पडलं तवा गिऱ्हान सुटलंच होतं. मंग मांगून पुन्ना लागलं म्हना, काई बी म्हना. तुमचं सरकारी मशीन हाय, तुमचं थे आयकते."

"तेव्हा सुटलेलं नव्हतं, बाई."

"मले मालूम हाय."

"मग खोटं सांगू?"

"दोन घास खाईल ना बाप्पा लेकरू. पोटात एक, बाहेर एक. दोघंबी उपाशी."

मला आवडाची दया आली नाही असे नाही. आली. पण शास्त्राच्या नावावर मी खोटे सांगणार नाही असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. आज एक खोटे सांगितले की उद्या मुसळाच्या बाजूने साक्ष द्यायला मलाच बोलावतील. गिरजाबाईंनी वाद घातला नाही. त्या गेल्यावर बराच वेळ मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

सोमवार, १९ डिसेंबर

प्रोफेसरांचे उत्तर आले. रागावलेले नाहीत, हे वाचूनच हातपाय मोकळे झाले. लिहितात: "उतरण व चढण दोन्ही उपलब्ध असल्याने अनुभवी हाताने मधला वक्र पूर्ण करणे अशक्य नाही. आपल्याला साडेचारशेच्या आसपास अपेक्षा आहेच. अंतिम आलेखात ही बाब ठळक करण्याचे कारण दिसत नाही. एप्रिलपासूनच्या नेमणुकीबाबत प्राचार्यांशी बोललो आहे."

दुपारी आलेख-कागद पुढे घेतला. मन लावून हात चालवला की वक्र सुंदर जमतो. तळ सहा मिनिटांवर येतो. जरा उजवीकडे ओढला की साडेसात. आणखी थोडा ओढला की नऊ. सगळेच दिसायला खरे. नऊ मिनिटांवर ठेवला. मग बारा सव्वीसपासून बारा छपन्नपर्यंत दोन-दोन मिनिटांवर सोळा ठिपके दिले. नुसती रेघ उघडी पडते. आकडेही वहीत भरले, बाकीच्यांसारखेच एकेक-दोनदोन अंकांनी वरखाली, कारण खरी मापे तशी असतात.

साडेचारशे आले.

हे खोटे नाही. दोन ज्ञात किमतींमधली अज्ञात किंमत काढणे ही गणितातली मान्य रीत आहे, मी पहिल्या वर्षाला शिकवतो. पेन्सिलीने केले आहे.

मंगळवार, २० डिसेंबर

आईला पत्र टाकले. नोकरी पक्की आहे असे पुन्हा लिहिले. आता ते जवळजवळ खरे आहे.

आवडा विहिरीवर दिसली. सहा दिवसांत गालफडे बसली आहेत. माझी चाहूल लागली तशी पाठमोरी झाली.

गुरुवार, २२ डिसेंबर

पेट्या बांधून झाल्या. हरिसिंगची गाडी चार वाजता यायची आहे. वही आणि आलेख हातात न्यायचे म्हणून वर ठेवले होते.

दोनच्या सुमारास आवडा पडवीच्या दारात आली. मागे गिरजाबाई. एवढ्या दिवसांत ती माझ्याशी थेट कधी बोलली नव्हती. आज पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्याशी टेकली आणि म्हणाली, "मास्तर, त्या दिसाचं पान दाखवा ना."

म्हटले, तुला वाचता येते का? म्हणाली, नाही, पण दाखवा. मी आलेख उलगडून तिच्यासमोर ठेवला. नाइलाज म्हणून समजावले, की हा एकेक ठिपका म्हणजे एकेक वेळ मशीनने वर पाहिले. इकडे सकाळ, इकडे दुपार. खाली उतरतो आहे ते ग्रहण.

"मुसळ पडलं थे कोठी?"

मी बारा चोवीसचा ठिपका दाखवला. तिने त्यावर बोट ठेवले.

"अना मशीन पुन्ना चालू झाली थे?"

बारा अठ्ठावन्न दाखवला. तिने दुसऱ्या हाताचे बोट तिथे ठेवले. दोन बोटांच्या मध्ये ती बराच वेळ पाहत राहिली. मग ओठ हलवत मोजू लागली.

"हे सोळा ठिपके कायचे?"

मी आलेखाची दुमडलेली कडा सरळ करू लागलो.

"मशीन तं बंद होती ना, मास्तर. पट्टा तं ह्याईनं काढला होता. तुमी तं केवढे वरडले."

"ते मी मागाहून काढले आहेत."

"वरतं पाहून?"

"नाही."

"मंग कशावरून?"

या प्रश्नाला माझ्याजवळ दोन पानांचे उत्तर आहे. अनुभवी हात, मान्य रीत, अपेक्षित किंमत. त्यातले एकही वाक्य त्या बाईसमोर तोंडातून निघेना. ती मला पकडायला आली नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. त्या अर्ध्या तासात वर काय होते, हे या जऊळक्यात जर कोणाला ठाऊक असेल तर ते मला, अशा समजुतीने ती आली होती. आणि तिथे ठिपके होते, म्हणजे मी पाहिले होते, म्हणजे ग्रहण होते, म्हणजे विळी ग्रहणातच चालली. मी साडेचारशे अंशांसाठी काढलेला तो खड्डा तिच्या पोराच्या ओठापर्यंत गेला होता. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

पाकिटातून रबर काढले आणि पुसायला बसलो. सोळा ठिपके, मग रेघ, मग वहीतले आकडे. एका जागी कागद फाटला. आवडा आणि गिरजाबाई दोघी वाकून पाहत होत्या. कोणी घाई केली नाही.

"आता?" आवडाने विचारले.

"आता काही नाही."

"म्हंजे तेवढ्या वेळचं तुमाले बी नाई मालूम."

गणिताने मला मालूम आहे. आकाशात सूर्य झाकलेलाच होता, मी डोळ्यांनी पाहिला होता, तिच्यासमोर ओरडलो होतो. तेही तिला ठाऊक आहे. म्हणून मी खरे तेवढेच बोललो. "सूर्य झाकलेला होता, आवडा. ते मी पाहिलं. पण त्यानं वर काय झालं, किती झालं, कुणाला काय लागलं, हे मशीननं पाहिलं नाही. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

ती पुसलेल्या जागेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "इथं तसं लिवा ना. नाई तं कोनी पुन्ना ठिपके देईन."

मी पेनात शाई भरली आणि त्या मोकळ्या जागेत आडवे लिहिले: १२.२४ ते १२.५८, यंत्र बंद. माहीत नाही. तिने ते मोठ्याने वाचायला लावले. वाचले. पुन्हा एकदा वाचायला लावले. पुन्हा वाचले. दुसऱ्या वेळी "माहीत नाही" म्हणताना तिनेही बरोबर ओठ हलवले. मग भिंतीला धरून उठली आणि सासूला म्हणाली, "आत्या, सकाळची भाकर हाय का वं?"

गिरजाबाई धावल्याच.  आतून भांड्यांचे आवाज येत आहेत आणि चंपत इंजिनाशी काहीतरी खुडबुड करतो आहे.

आता साडेतीन होत आहेत. प्रोफेसरांना चार ओळी लिहिल्या. तळ नोंदला गेला नाही, त्यामुळे उशीर कळत नाही, त्यामुळे तापमान निघत नाही. मुसळ माझ्या इंजिनाने पडले आणि पट्टा मीच उलटा चढवला, स्थानिकांचा त्यात दोष नाही. नेमणुकीबद्दल काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे आता काही उरले नाही.

पत्र बंद करून चंपतच्या हाती दिले आणि तीन पन्नासच्या डाकगाडीत टाकून ये म्हणून त्याला पळवले. माझी आगगाडी साडेपाचची आहे. पत्र माझ्याजवळ राहिले असते तर अकोल्यापर्यंत मी ते फाडले असते.